औषध लागू पडलं नाही म्हणजे काय

२७ जुलै २००५ ही तारीख काकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मुंबईत बाकी सगळे २६ जुलै म्हणतात, काका २७ म्हणतात, कारण त्या बुधवारी माझ्या मावशीची चौथी केमो होती आणि ती झालीच नाही.

सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मिठी नदी कुर्ल्यात घराघरांत शिरली होती, मावशीच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेएवढं पाणी, तिला वरच्या बिऱ्हाडात नेऊन निजवलेलं, गाड्या बंद, फोन लागत नाही, आणि काका खाली बादलीने पाणी उपसतायत. परळच्या हॉस्पिटलला जाणार कसे. नंतर तारीख मिळाली ती चार ऑगस्टची. आठ दिवस उशीर. ते आठ दिवस काका अजून मोजतात.

मावशीला लिम्फोमा होता, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर, मानेत गाठ आली होती. दर तीन आठवड्यांनी केमो, अशा सहा. सहाही झाल्या, गाठ गेली, त्या दिवाळीला तिने स्वतः बसून चकल्या तळल्या. पुढच्या मे महिन्यात गाठ परत आली. मग दुसरी औषधं सुरू झाली, त्यांनी काहीच झालं नाही, आणि २००७च्या जानेवारीत मावशी गेली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं नाही.

आपल्याकडे हे वाक्य फार सहज बोललं जातं. वाक्यात दोष औषधाकडे असतो पण भेटायला आलेली माणसं बघतात पेशंटकडे आणि पेशंटच्या घरच्यांकडे. आंबट खाल्लं असेल, पथ्य नीट नसेल केलं, उशिरा दाखवलं, मनाने खचली. काकांना कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं की ते आठ दिवस नडले. मी तेव्हा एमएस्सीला होते, नुकतीच एका लॅबमध्ये प्रोजेक्टला लागले होते आणि नेमका हाच विषय शिकत होते, की औषध कॅन्सरच्या सेलमध्ये, म्हणजे पेशीत, शिरूनसुद्धा काम का करत नाही. तरी मी काकांना काही सांगितलं नाही. बोलायला पाहिजे होतं. वीस वर्षं राहून गेलं ते गेल्या आषाढात बोलले, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

काकांशी बोलणं सोपं गेलं कारण काका पंपवाले. आधी मिलमध्ये होते, १९८२च्या संपानंतर मिल सुटली ती सुटलीच, मग माटुंग्याच्या एका सोसायटीत पंप चालवायला लागले, खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, पहाटे आणि संध्याकाळी. तेवीस वर्षं केलं. मोटरच्या आवाजावरून त्यांना कळायचं की पंपाने हवा धरलीय की फुटव्हॉल्वमध्ये, म्हणजे पाइपच्या तळाशी पाणी उलटं जाऊ न देणारी झडप असते तिच्यात, कचरा अडकलाय. म्हणून मी सुरुवातच अशी केली की काका, सेललासुद्धा पंप असतो.

काका म्हणाले, "पाण्याचा?"

औषधाचा, म्हटलं. बाहेरून आत शिरलेल्या नको त्या गोष्टींचा. सेलभोवती जो पातळ पडदा असतो ना, त्याला मेंब्रेन म्हणतात, तो तेलकट असतो, दोन थर चिकटलेले, आणि बरीचशी औषधं पण थोडी तेलकट असतात म्हणून तर ती त्यातून आरपार जाऊ शकतात. त्या पडद्यातच हा पंप रोवलेला असतो. प्रोटीनचा बनलेला. नाव पी-ग्लायकोप्रोटीन.

त्याचा शोध कसा लागला ते मला विद्यार्थ्यांना सांगायला नेहमी आवडतं. मी आता ज्युनियर कॉलेजला शिकवते, सिलॅबसमध्ये हे नाही, तरी सांगते. १९७०च्या दशकात टोरांटोमध्ये व्हिक्टर लिंग आणि रुडॉल्फ ज्युलियानो हॅमस्टरच्या अंडाशयातल्या सेल्स कोल्चिसिन या विषात वाढवत होते. कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीच्या कंदात असतं तेच. डोस हळूहळू वाढवत नेला की बहुतेक सेल्स मरतात, काही तगतात. आता कोल्चिसिनला तगलेल्या सेल्स कोल्चिसिनला दाद देत नाहीत हे ठीक आहे, पण त्या इतर औषधांनाही दाद देईनात, जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती आणि ज्यांचा आकार, वजन, काम सगळं वेगळं. १९७६ साली त्यांनी दाखवलं की अशा सेल्सच्या पडद्यात एक मोठं प्रोटीन भरपूर प्रमाणात असतं. पी हे अक्षर पर्मिएबिलिटीवरून, म्हणजे आरपार जाऊ देण्याचा गुण, कारण तेव्हा त्यांना वाटलं होतं की पडदाच घट्ट झालाय आणि औषध आत येतच नाही. पण त्याआधी तीन वर्षं डेन्मार्कच्या केल्ड डानोने उंदराच्या ट्यूमरच्या सेल्सवर काम करून सांगितलं होतं की औषध आत येतं, आणि सेल स्वतःची ताकद खर्च करून ते बाहेर टाकते. पुढे दोन्ही गोष्टी जुळल्या, प्रोटीन हाच पंप.

मावशीच्या केमोत चार औषधं होती. त्यातलं एक डॉक्सोरुबिसिन, लालभडक, सलाइनच्या नळीतून जाताना दिसायचं आणि नंतर दोन दिवस लघवी लाल व्हायची. हे मातीतल्या जिवाणूपासून मिळतं. दुसरं व्हिन्क्रिस्टिन, ते सदाफुलीपासून. मावशीच्या दाराशी डालड्याच्या डब्यात सदाफुली लावलेली होती, गुलाबी, पाणी घाला नाहीतर नका घालू, फुलणारच. मी तिला सांगितलं तेव्हा ती किती वेळ त्या डब्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे माझ्याच दारातलं झाड मला टोचतायत होय गो?" मग पुरात तो डबा वाहून गेला. आणि दुसऱ्या खेपेच्या औषधांत एटोपोसाइड होतं जे तिच्या शरीरात आधी कधीच गेलं नव्हतं. या तिन्ही औषधांचे आकार कागदावर काढले तर एकमेकांशी काही नातं दिसत नाही. आणि हा एक पंप तिन्ही ओळखतो आणि तिन्ही बाहेर फेकतो.

ओळखतो कसा? मला या विषयात सगळ्यात जास्त ओढ याच प्रश्नाची आहे.

शाळेत आपल्याला कुलूप-किल्ली शिकवतात, प्रत्येक एन्झाइमची आपली किल्ली, दुसरी लागत नाही. इथे ते चालत नाही, शेकडो वेगवेगळ्या किल्ल्या आणि कुलूप एकच. मी खूप वर्षं यासाठी उपमा शोधत होते आणि ती मला मावशीच्याच मोरीत सापडली. मावशी जेवणाचे डबे द्यायची, वीस-पंचवीस असायचे, आणि संध्याकाळी परत आलेले डबे घासून झाले की प्रत्येक डब्याच्या आतून अंगठा फिरवायची. स्टीलचा, अॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकचा, गोल, लांबट, कसलाही डबा असो, दिवे गेलेले असोत, अंगठा फिरला की म्हणायची "ओशट आहे", आणि डबा परत घासायला. डबा कोणाचा हे तिला बघायला लागायचं नाही. ओशटपणा बोटाला कळतो.

पंपाचं तसंच आहे. त्याच्या पोटात एक मोठी पोकळी असते, आणि तिच्या भिंतीवर बरेचसे ओशट अमिनो अॅसिड्स (प्रोटीन ज्यांची साखळी असते ते मणी) असतात, फेनिलअॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन असे, ज्यांना तेलकट, चपट्या कड्यांचे रेणू चिकटतात. एका ठरावीक आकाराची खाच नाही, एक ऐसपैस लवचिक खिसा आहे. एक औषध या कोपऱ्यात टेकतं, दुसरं त्या कोपऱ्यात, कधी दोन रेणू एकदम मावतात. २००९ साली उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची रचना प्रसिद्ध झाली, त्यात हे नीट दिसलं. त्यांनी मुद्दाम असे दोन रेणू वापरले होते जे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा होते, डावा-उजवा हात असतो तसे, आणि ते त्याच खिशात वेगवेगळ्या ठिकाणी बसले. (त्याच लॅबने आधी याच्या एका जिवाणूतल्या भाऊबंदाची रचना छापली होती, ती गणित करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे उलटी निघाली आणि २००६ला त्यांनी पाच पेपर मागे घेतले. त्यानंतर ते परत या प्रश्नाकडे आले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.) २०१९मध्ये झुरिचच्या लोकांनी माणसाच्या पंपाच्या खिशात टॅक्सॉलचा एक रेणू बसलेला दाखवला. टॅक्सॉल हे एका झाडाच्या सालीतलं औषध, ब्रेस्ट कॅन्सरला देतात, आणि ते किती अवाढव्य आहे ते बघितलं की तो खिसा केवढा ते कळतं.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते ती म्हणजे हा पंप औषध पुष्कळदा पडद्यातच पकडतो. खिशाला बाजूने फटी आहेत, त्या तेलकट पडद्याच्या आतल्या थरात उघडतात. औषध पडद्यातून आत घुसत असतं, अजून धड आतही पोचलेलं नसतं, तेवढ्यात ते फटीतून खिशात ओढलं जातं. म्हणजे पडद्यात विरघळून बसण्याइतकं जे ओशट आहे तेच त्या फटीपर्यंत पोचतं, निम्मी निवड पडद्यानेच करून दिलेली असते.

काका हे सगळं ऐकत होते, मध्ये एकदा चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "वीज कुठली?"

एटीपी, म्हटलं. सेलचं चलन, सेलची बॅटरी, जे म्हणाल ते. पंपाचे दोन अर्धे भाग असतात, जवळजवळ सारखे, मिळून १२८० अमिनो अॅसिड्सची एकच लांब साखळी, ती पडद्यातून बारा वेळा आरपार जाते, आणि खाली सेलच्या आत दोन मोटरी लोंबतात. मोटरी लांब असताना पंप खालून उघडा असतो, उलट्या व्ही सारखा. औषध खिशात आलं आणि दोन्ही मोटरींना एटीपी मिळालं की त्या एकमेकींना येऊन भिडतात, खालचं तोंड मिटतं, वरचं उघडतं, खिशाची भिंत अशी फिरते की औषधावरची पकड सुटते आणि ते बाहेर. मग एटीपी जळतं, मोटरी परत लांब होतात, पंप पुढच्या रेणूला तयार.

"दोन्ही तोंडं एकदम उघडत नाहीत?"

नाही काका.

"बरोबर. नाहीतर उलटं येईल." फुटव्हॉल्वचं काम त्यांना मला समजवायला लागलं नाही, त्यांनीच मला समजवलं. ऑलेग यार्डेत्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने १९६६ सालीच मांडलं होतं की असा पंप एका वेळी एकाच बाजूला उघडा असला पाहिजे. काकांनी ते चहाच्या कपावर मांडलं.

पण त्यांचा पुढचा प्रश्न अवघड होता. म्हणाले, "असला पंप शरीरात ठेवलाच का मग?"

हा पंप कॅन्सरने आणलेला नाही, तो आपल्या सगळ्यांच्यात जन्मापासून आहे. आतड्याच्या अस्तरात, लिव्हरमध्ये, किडनीत, बाईच्या वारेत, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत. खाण्याबरोबर झाडापाल्यातली, बुरशीतली विषं पोटात जाणारच, ती बाहेर ढकलायला. केमोची कितीतरी औषधं झाडांची आणि जिवाणूंचीच विषं आहेत, तेव्हा पंपाच्या दृष्टीने व्हिन्क्रिस्टिन म्हणजे कोणीतरी सदाफुलीचा पाला खाल्लाय. १९९०च्या दशकात अॅमस्टरडॅमला आल्फ्रेड शिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला हा पंप नसलेले उंदीर तयार केले. उंदीर एकदम ठणठणीत, वाढले, पिल्लं झाली. मग अंगावरच्या किड्यांसाठी नेहमीसारखा आयव्हरमेक्टिनचा फवारा मारला आणि ते उंदीर जवळजवळ सगळे मेले. बाकीच्या उंदरांना काही झालं नाही. औषध मेंदूत घुसलं होतं, त्याला दारातून परतवणारं कोणी नव्हतं. जुलाबावर आपण लोपेरामाइड घेतो ते खरं तर अफूच्या जातीचं औषध आहे, त्याची नशा चढत नाही त्याला मुख्य कारण हा पंप.

आणि काकांनी तर त्याची प्रचिती स्वतः घेतलीय. त्यांना हृदयाच्या ठोक्यांसाठी डिगॉक्सिन चालू आहे. तीन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी कोणीतरी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, चार-पाच दिवसांत मळमळ, अन्नावरची वासना उडाली, चक्कर. मी गोळ्यांची पाकिटं बघितली आणि धावतपळत त्यांना घेऊन गेले, रक्तात डिगॉक्सिन वाढलेलं निघालं. ते अँटिबायोटिक आतड्यातला आणि किडनीतला हाच पंप अडवतं, मग डिगॉक्सिन बाहेर पडायचं ते आत साठतं. टीबीच्या रिफाम्पिसिनचं उलट, त्याने आतड्यात पंप वाढतात आणि डिगॉक्सिन कमी पडायला लागतं. तुमच्या घरात कोणाला डिगॉक्सिन असेल तर दुसरं कुठलंही औषध घेताना डॉक्टरांना ते आधी सांगा, एवढं मी इथे कळकळीने लिहिते.

मी लॅबमध्ये होते तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. रोडामिन १२३ नावाचा रंग असतो, सेलमध्ये गेला की मायक्रोस्कोपखाली हिरवा चमकतो, आणि पंप त्यालाही बाहेर टाकतो. एका प्लेटमध्ये साध्या कॅन्सरच्या सेल्स, दुसरीत औषधाला दाद न देणाऱ्या. पहिली प्लेट हिरवीगार, दिवाळीतल्या माळांसारखी. दुसरी काळोखी. मग दुसरीत व्हेरापामिल टाकायचं, हे ब्लडप्रेशरचं साधं औषध, जपानच्या ताकाशी त्सुरुओंनी १९८१ साली दाखवलं होतं की त्याच्यामुळे व्हिन्क्रिस्टिन परत काम करायला लागतं. व्हेरापामिल त्याच खिशात जाऊन पंपाला गुंतवून ठेवतं. परत रंग टाकला, थोडा वेळ थांबलं, आणि काळोखातून एक एक सेल हिरवी होत गेली. २००६चा ऑगस्ट होता, मावशीचं दुसरं औषध चालू होतं आणि काही उपयोग होत नव्हता, आणि इकडे माझ्यासमोर सेल्स उजळतायत. मी मायक्रोस्कोपवरून उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

मग तिला का नाही दिलं ते, काकांनी विचारलंच. मीही तेव्हा माझ्या मॅडमना हेच विचारलं होतं. प्लेटमध्ये जेवढं व्हेरापामिल लागतं तेवढं माणसाला दिलं तर हृदय साथ देणार नाही. नंतर खास पंप अडवायला म्हणूनच औषधं बनवली, व्हॅल्स्पोडार, मग टॅरिक्विडार, मोठ्या ट्रायल्स झाल्या, पण पंप अडवला की तो लिव्हरमधला, किडनीतला पण अडतो, केमो शरीरातच साठून राहते, मग केमोचा डोस कमी करावा लागतो, आणि हाती काही फारसं लागत नाही. शिवाय याच्यासारखे आणखी पंप आहेत, माणसात या घराण्याचे एकूण ४८ जीन्स आहेत, त्यातली कित्येक प्रोटीन्स औषधं उपसतात, एक बंद केला की दुसरा असतोच. काका म्हणाले, "मेन स्विच बंद केला तर सगळी बिल्डिंगच कोरडी पडणार." हो, तसंच.

मावशीच्या गाठीत किती पंप होते हे कोणी तपासलं नव्हतं, रोजच्या उपचारात ते तपासतही नाहीत, आणि औषध लागू न पडण्याची दुसरीही कारणं असतात, ते मी काकांना स्पष्ट सांगितलं. पण अशा गाठीत काय घडतं तेही सांगितलं. कोट्यवधी सेल्समध्ये थोड्या आधीपासूनच जास्त पंप असलेल्या असतात. औषधाने बाकीच्या मरतात, गाठ दिसेनाशी होते, आणि या उरतात, महिनोन्‌महिने, कोणाला न दिसता. परत वाढते ती त्यांची गाठ. ते पथ्याने टळत नाही. आणि रक्तातल्या पेशी कमी झाल्या तर डॉक्टर स्वतःच केमो आठवडाभर पुढे ढकलतात, नेहमी ढकलतात. चौथी उशिरा झाली त्यानंतरच तर गाठ पूर्ण गेली होती ना, काका.

काका काही बोलले नाहीत. उठून कपाटातून मावशीची फाइल काढली, ती पुरात भिजून फुगलेली आहे, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात तारखांचं कार्ड आहे, २७/७ वर निळ्या पेनाने काट मारलेली, पुढे ४/८. ते त्यांनी मला दाखवलं, मी हातात घेऊन बघितलं, परत दिलं.

"म्हणजे तिच्या मेंदूवर विष जाऊ नये म्हणून जो होता तोच."

हो.

"जन्मापासून चालू."

हो काका.

बाहेर पाऊस चढला होता, साडेपाच वाजत आले होते, पाणी यायची वेळ. मी कप उचलायला गेले तर म्हणाले राहू दे, मी करतो. मोरीत जाऊन दोन्ही कप घासले, बशा घासल्या, नळाला पाणी आलं तसं धुतले. मग एका कपाच्या आतून अंगठा फिरवला, जरा थांबले, आणि तो परत घासायला घेतला.